पाचवं नाव

१९५५ साली बल्लारपूरजवळच्या आमच्या कोळसा खाणीची हॉकी टीम चांगली पंधरा जणांची होती. नावाला आम्ही मजूर, पण खेळाडूंना खाणीच्या वरची हलकी कामं मिळत आणि दुपारनंतर मैदान. त्या वर्षी मॅनेजरसाहेबाला चांद्याचा कप हवाच होता. त्यासाठी त्यानं जबलपूरहून बाबुलाल नावाचा सेंटर फॉरवर्ड आणला, महिना दोनशे रुपये आणि वर क्वार्टर. म्हणजे आमच्यातल्या पाच जणांचा पगार. साहेब म्हणाला, टीमचा खर्च वाढणार नाही, राखीव पाच जण खाली कोळसा काढायला जातील, नावं तू दे. कप्तान मी होतो, सोमाजी.

चार नावं पटकन सुचली. पाचवं मी मंगरूचं घातलं. तो कुरखेड्याकडचा गोंड, दोन लेकरांचा बाप, अनवाणी खेळायचा. बॅक म्हणा, हाफ म्हणा, कुठंही उभा करा. माझ्यापेक्षा सरस होता, हे मैदानात चरणाऱ्या बकऱ्यांनाही कळत होतं. पण तो तोंड वर करून बोलणारा नव्हता, म्हणून त्याचं नाव घातलं. आता खोटं कशाला बोलू?

"भाऊ, आमच्यात माणसाले मेल्यावरच मातीखाली ठेवतेत," तो म्हणाला. "मले जित्ताच काऊन धाडून राह्यले तुमी?"

कप येईपर्यंत कळ काढ, मग तुला वर घेतो, असं मी त्याला सांगितलं.

बाबुलालनं गोलांचा सपाटा लावला आणि आम्ही सेमीफायनल जिंकलो. पण त्याच मॅचमध्ये आमच्या बॅकचा घोटा मुरगळला. दुसऱ्या दिवशी फायनल, आणि टीममध्ये राखीव म्हणून कुणी उरलेलंच नाही. दोनशे रुपये घेणारा बाबुलाल झाला तरी दोन जागी कसा उभा राहणार? मी मुकाट्यानं खाणीच्या तोंडाशी गेलो आणि मंगरूची पाळी सुटायची वाट पाहत बसलो.

तो खोकत वर आला. तीन महिन्यांत अर्धा झाला होता. खेळशील का विचारलं, तर हसला. फायनलला त्यानं आमच्या गोलपाशी एकालाही फिरकू दिलं नाही. बाबुलालनं एक गोल मारला आणि कप आमचा झाला.

साहेब खूश होता. त्यानं मला ऑफिसात बोलावलं. त्या गोंडाला वर घे म्हणाला, पण माणसं वाढणार नाहीत. टीममधला सगळ्यांत संथ गडी खाली धाड.

सगळ्यांत संथ मी होतो. छत्तिसावं चालू होतं मला.

"राहू द्या साहेब," मी म्हणालो. "त्याला खालचं काम मानवलंय."

मंगरू बाहेर स्टिक घेऊन उभा होता. मी त्याला सांगितलं, तुझ्यासाठी खूप भांडलो, पण साहेब ऐकायलाच तयार नाही. त्यानं वाकून माझ्या पायांना हात लावला.

"तुमी बोलले, भाऊ," तो म्हणाला. "माह्यासाठी आजवर कोनी बोललं नाई."

सोमवारी पहिल्या पाळीला तो खाली उतरला. मी आणखी दोन वर्षं कप्तान होतो.