आठपर्यंत

हाडांच्या दवाखान्यामागच्या गल्लीत उस्तादांचं दुकान होतं, आणि त्यात बसून बसून उस्तादही त्या दुकानासारखेच झाले होते: बुटके, अंधारे, चामड्याच्या वासाचे. पस्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. ज्याचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड, त्याला जाड तळाचा बूट करून द्यायचा, म्हणजे माणूस सरळ उभा राहतो. या कामात पुण्य आहे, असं लोक म्हणायचे. उस्ताद म्हणायचे, पाठदुखी आहे.

गेल्या तीन वर्षांत मात्र दवाखान्यातून भलतीच माणसं यायला लागली. दोन्ही पाय धड, दोन्ही सारखे, आणि तरी ते लांब करून हवेत. नडगीचं हाड कापायचं, पायाभोवती लोखंडी कड्या बसवायच्या, आणि रोज एक मिलिमीटर ताणायचं. मधल्या फटीत नवं हाड भरत जातं. एका सेंटीमीटरला दहा दिवस ताणणं, वर महिनाभर ते हाड घट्ट व्हायला. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. ही मंडळी आधी पाय पसरणार आणि मग अंथरूण शोधायला निघणार. उस्तादांना हसू यायचं, पण गिऱ्हाइकासमोर ते हसत नसत.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई शहाण्या होत्या. किती वाढायचं तो आकडा त्या कुणाला खुर्चीत बसून ठरवू देत नसत. "आधी उस्तादांकडे जा," म्हणायच्या. उस्ताद तीन, पाच आणि आठ सेंटीमीटरचे बूट बनवत. आठाच्या वर बाई जातच नसत, आणि पाचाच्या वर जाताना कपाळाला आठ्या घालत, कारण हाड ताणलं तरी शिरा आणि स्नायू ऐकतीलच असं नाही. माणसाने एक जोड पंधरा दिवस घालून हिंडायचं, कामावर जायचं, आणि मग अर्जावर आकडा लिहायचा. निम्मं कॉर्क बुटाच्या आत दडवलेलं असे, म्हणजे रस्त्यात कुणाच्या डोळ्यावर येत नसे. आतल्या अस्तरावर उस्ताद आकड्याचा ठसा मारत. येताना सगळे आठ म्हणायचे. पंधरा दिवसांनी निम्मे पाचावर उतरायचे. एक गृहस्थ तर तिसऱ्याच दिवशी बूट परत करून गेले. वर काही विशेष नाही, म्हणाले.

एका दुपारी रांगेत शेवटी उस्तादांची मुलगी उभी होती. चौतीस वर्षांची, जमिनीच्या नोंदणी कचेरीत खिडकीवर काम करणारी, आणि घरात अजून जिला चिमणी म्हणत अशी. उस्तादांना वाटलं, आपण डबा विसरलो, तो घेऊन आली. पाळी आली तेव्हा तिने दवाखान्याची चिठ्ठी पुढे केली.

"आठाचा जोड द्या," ती म्हणाली.

उस्तादांनी चिठ्ठी वाचली, पालथी करून मागे काही लिहिलंय का तेही पाहिलं.

"लग्नाचं काही..."

"लग्नाचं काही नाही, बाबा. सगळ्यांना तेवढंच कसं सुचतं?"

"मग?"

"खिडकीवर लोक माझ्या डोक्यावरून मागच्या माणसाशी बोलतात. बारा वर्षं झाली. कागद माझ्या हातात देतात आणि विचारतात त्याला. परवा एक जण म्हणाला, बाळ, आत मोठं कुणी आहे का?"

"तू काय म्हणालीस?"

"बघते म्हटलं. आणि आत जाऊन मागच्या टेबलावरच्या त्या नवीन मुलाला घेऊन आले. बाबा, मी खरंच गेले हो बोलवायला."

उस्तादांनी तिचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने गिरवला. गिरवायची गरज नव्हती, ते माप त्यांना पाठ होतं. ही जन्मली तेव्हा जो तो म्हणाला होता, अगदी बापावर गेली, आणि उस्ताद महिनाभर छाती काढून हिंडले होते. आज ती बापाची तीच उंची चिठ्ठीवर लिहून परत करायला आली होती. त्यांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला.

पण त्याहून मोठी होती ती भीती. तीन वर्षांत त्यांनी या माणसांना नंतरही पाहिलं होतं, कारण नंतरही बूट लागतातच. टाच जमिनीला न टेकणारी, चवड्यांवर चालणारी माणसं. एकाचं पाऊल लोंबायचं ते वर्षभर लोंबतच राहिलं. बहुतेक सगळे आठवाले.

घरी त्यांनी बायकोला सांगितलं. ती त्यांच्याहून वीतभर उंच होती.

"तिचे पाय, तिचं दुखणं," ती म्हणाली. "तिला कळतंय."

"तुला काय जातंय बोलायला? तू उंच."

"उंच माणसाचं काय सुख असतं? अडतीस वर्षं प्रत्येक फोटोत मी खुर्चीवर बसते आणि तुम्ही मागे उभे राहता. मी कधी काही बोलले?"

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. बूट आठाचा शिवला आणि आत ठसा मारला पाचाचा.

"आधी पाच घालायचा, मग आठ. नियम आहे," त्यांनी मुलीला सांगितलं. असा नियम नव्हता. हिशेब सोपा होता. आठाची उंची तिला पाच म्हणून पुरली, तर ती अर्जावर पाच लिहील. तीन सेंटीमीटर कमी ताणावे लागतील, चार महिन्यांचा छळ वाचेल, टाच टेकेल. लेकीच्या भल्यासाठीच तर करतोय, असं त्यांनी स्वतःला बजावलं. खोटं बोलणारा माणूस साक्षीला नेहमी कुणाचं तरी भलं उभं करतो.

पंधरा दिवसांत घरातला आवाज बदलला. चिमणी कामावरून आली की आधी बोलायची, मग चप्पल काढायची, म्हणजे ते बूट. नवव्या दिवशी तर दारातूनच म्हणाली, "आज एक माणूस भांडला."

"कशावरून?"

"ते जाऊ दे. माझ्याशी भांडला, बाबा. माझ्या तोंडाकडे बघून."

पंधराव्या दिवशी तिने सांगून टाकलं. "पाच पुरे. आठाची काही गरजच नाही. परवा अर्ज भरते." उस्तादांनी मान हलवली. जिंकल्यावर माणसाला बरं वाटतं असा त्यांचा समज होता, पण ताटावरून ते अर्ध्यातच उठले.

सकाळी मुलगी कामावर गेली आणि बायको समोर येऊन उभी राहिली.

"पोरीचा माथा एरवी माझ्या हनुवटीला लागतो. पाचात ओठांपर्यंत यायला हवा. नाकाच्या शेंड्यापर्यंत आलाय."

"बूट नवा असला की..."

"मला टेप लागत नाही. किती आहे?"

"आठ," उस्ताद म्हणाले.

बायकोने हातातलं भांडं खाली ठेवलं. "जन्मभर लोकांनी तिला कमी धरलं. आणि बापाने मापात पाप केलं. आज सांगा तिला. मी सांगितलं तर जास्त लागेल."

संध्याकाळी त्यांनी मुलीला दुकानात बोलावलं. तोंडाने सांगायचं धाडस होईना, म्हणून बूट हातात घेऊन चामडं कापायच्या रापीने उभा चिरला. कॉर्कचे एकेक सेंटीमीटरचे आठ थर बाजूला पडले. बारा वर्षं मापांचे कागद तपासणाऱ्या बाईला ते वाचायला वेळ लागला नाही.

"म्हणजे तो माणूस भांडला तो आठाशी," ती म्हणाली.

"हो."

"पाचाची उंची कशी असते ते मला माहीतच नाही."

"नाही."

ती गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली. तिचे पाय जमिनीला पुरत नव्हते.

"मला भीती वाटली, चिमणे. मी ती माणसं पाहिली आहेत."

"मग भीती वाटते म्हणायचं. मी ऐकलं असतं. नसतंही ऐकलं, पण मला विचारलं तरी असतंत. खिडकीवरचे लोक आत मोठं कुणी आहे का विचारतात, बाबा. तुम्ही तेवढंही विचारलं नाहीत. तुम्हीच मोठे होऊन बसलात."

"खरा पाचाचा करून देतो. पंधरा दिवस थांब."

"तुमच्या बुटावर आता माझा विश्वास नाही."

पस्तीस वर्षांत हे वाक्य त्या दुकानात कुणी उच्चारलं नव्हतं. उस्तादांनी चिरलेला बूट उगीचच फडक्याने पुसला.

अर्जावर तिने आठ लिहिलं. मग जरा थांबून पुढे 'पर्यंत' जोडलं. डॉक्टरीणबाईंनी ते वाचलं आणि हरकत घेतली नाही. ताणणं रोजचं असतं, कुठल्याही दिवशी थांबता येतं, म्हणाल्या. घरी दिवसातून चार वेळा कुणीतरी पान्याने कड्यांवरचे नट फिरवायचे असतात, तेवढं माणूस नेमा.

"बाबा फिरवतील," मुलगी म्हणाली. मग उस्तादांकडे वळली. "रोज विचारायचं. मी पुरे म्हणेन तेव्हा थांबायचं. आधी नाही, नंतर नाही."

शस्त्रक्रिया झाली, दोन्ही पायांना कड्या बसल्या, आणि मग दिवस सुरू झाले. प्रत्येक पायाला चार नट, प्रत्येक नटाला पाव वेढा, म्हणजे पाव मिलिमीटर. नटावर ठिपका असतो, तो पुढच्या खुणेला आणून ठेवायचा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि झोपण्याआधी. उस्ताद दुकान अर्धं उघडं ठेवून घरी धावत आणि पुन्हा जात. सुरुवातीला ती नुसते डोळे मिटायची. चौथ्या आठवड्यापासून तोंडात टॉवेल धरायला लागली. पोटऱ्या दोरीसारख्या ताठ झाल्या होत्या. एकदा आईने ताट आणलं आणि सवयीने विचारलं, "किती वाढू?" तर चिमणी म्हणाली, "ते बाबांना विचार," आणि तिघंही हसली. त्या सगळ्या दिवसांत एवढंच काय ते हसणं.

उस्ताद थकले. इतके थकले की पाना हातात घेतला नसतानाही बोटं वळलेलीच राहायची. दर वेळी वाटायचं, ठिपका खुणेच्या जरा अलीकडे सोडावा. केसभर. कुणाला कळणार आहे? दर वेळी खुणेपर्यंत जात. आणि मनात पन्नासाव्या दिवसाची वाट बघत.

तो दिवस आला. तो सरला, दुसरी सकाळ उजाडली. रात्रीच्या फेऱ्याला पाच पुरे झाले होते. डाव्या पायाची टाच बोटभर उचललेली राहायला लागली होती, आणि ते बघून डॉक्टरीणबाईंनी आदल्या दिवशी कपाळाला आठ्या घातल्या होत्या.

"पाच झाले," उस्ताद म्हणाले. "पुरे?"

ती छताकडे बघत पडली होती. "खरे पाच?"

"खरे."

"एकदाही कमी फिरवला नाहीत?"

"मनात दोनशे वेळा फिरवला. हाताने नाही."

तिने मान वळवली आणि त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. नाही म्हणाली असती, विश्वास नाही म्हणाली असती, तर उस्तादांनी पाना टाकून दिला असता, आणि त्यात त्यांची सुटकाच होती.

"मानलं," ती म्हणाली. "मग फिरवा."

"चिमणे, टाच बघ."

"बघितली. मलाही भीती वाटते, बाबा. फिरवा."

तिने टॉवेल तोंडात धरला आणि एक हात त्यांच्या खांद्यावर ठेवला. उस्तादांनी पहिल्या नटाला पाना लावला. तिची बोटं त्यांच्या खांद्यात रुतली. ठिपका हलला, अर्ध्यावर आला, आणि ते थांबले नाहीत, खुणेवर नेऊनच सोडला. मग दुसऱ्या नटाला पाना लावला.