हात मागे ठेवा

आरोग्य मंडळाच्या साहेबांनो, आमच्या काउंटीतला बाळंतपणाचा वॉर्ड तुम्ही बंद केलात, आणि आता माझे हात गुन्हेगार ठरवताय. चौकशीत तुम्ही मला 'हो' किंवा 'नाही' एवढंच बोलू दिलंत. म्हणून बाकीचं इथे लिहिते.

मी नर्स. सुईणपणाच्या मास्टर्सचं शेवटचं सत्र चालू होतं. शिकवायला मिस ओझेला पेटवे. अर्धी काउंटी त्यांच्या हातावर जन्मलेली. त्यांची शिकवण्याची रीत एकच: शिकाऊ पोरगी बाळंतीण सोडवत असताना स्वतःचे हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. म्हणायच्या, "माझे हात पुढे आले की तुझं शिकणं थांबलं."

त्यांचं लायसन्स एका डॉक्टरच्या सहीवर टांगलेलं. म्हातारा वारला, सहीही त्याच्याबरोबर मातीत गेली. दुसरा कोणी सही देईना. तेव्हापासून तुमचा हुकूम असा, की त्यांनी पोटुशीला तपासावं, पण बाळंतपणाला हात लावू नये. लावला तर लायसन्स कायमचं गेलं.

त्या दुपारी आम्ही क्लिनिकच्या पायरीवर उकडलेल्या शेंगा खात होतो. डेमारियसचा पिकअप दारात करकचून थांबला. मागच्या सीटवर त्याची बायको कियाना. दूर माँटगोमेरीच्या हॉस्पिटलला निघाले होते, वाटेतच कळांनी गाठलं.

"मिस ओझेला, डोकं दिसतंय!"

"मग बोंबलतोस काय? अॅम्ब्युलन्सला फोन कर आणि बाजूला हो."

मी हातमोजे चढवून गाडीत शिरले. डोकं आलं. आलं आणि कासवासारखं मागे ओढलं गेलं. बाळाचा खांदा आईच्या हाडामागे अडकला होता. गाल जांभळे पडायला लागले.

"माझ्याच्यानं नाही होत!" कियाना रडत होती. "डेमारियस, पुन्हा माझ्याजवळ फिरकलास तर बघ!"

मिस ओझेलांचे हात पाठीमागून सुटले. मी ते पाहिलं. त्यांचं लायसन्स गेलं तर या काउंटीत पोट तपासणारंही कोणी उरणार नव्हतं.

"हात मागे ठेवा!" मी त्यांच्यावर ओरडले.

"पोरी, शिकाऊनं एकटीनं सोडवलं तर तुझी पदवी जाईल."

"जाऊ दे. तुम्ही नुसतं बोला."

त्यांनी हात पुन्हा बांधले. "उलटी फिरव तिला. हातागुडघ्यांवर."

अरुंद सीटवर कियाना कशीबशी वळली. मी हात आत सरकवला, बाळाचा मागचा दंड चाचपून छातीवरून बाहेर ओढला. मग सगळं अंग घसरून माझ्या मांडीवर आलं. लोळागोळा. गप्प. मी पाठ चोळत राहिले. फोनवर अॅम्ब्युलन्सवाली विचारत होती, "कुठला रस्ता म्हणालात?"

मग मांडीवरची पोरगी किंचाळली.

तुम्ही मला अभ्यासक्रमातून काढून टाकलंत. कारण दिलंत, 'देखरेखीशिवाय प्रसूती'. देखरेख माझ्या खांद्यामागे उभी होती. तिचे हात तुम्ही बांधले होते. एक प्रश्न मी तुम्हाला विचारला, तर तुम्ही म्हणालात, "पुढे चला."

मी पुढे जाणार नाही. डोकं बाहेर, खांदा अडकलेला, गाल जांभळे. तेव्हा माझे हात कुठे असायला हवे होते? 'हो' नको, 'नाही' नको. जागा सांगा.