उपडा तळवा

सकाळी साडेसातलाच दिगंबररावांचा मोबाईल टीपॉयवर थरथरत थरथरत कडेपर्यंत आला होता. त्यांच्या पत्नी विनयाताईंनी तो उचलून पेपरच्या घडीवर ठेवला आणि चहा गाळता गाळता म्हणाल्या, की याला एकदा ताप तरी येऊन जाऊ दे.

ताप ‘चारुस्वर’ या व्हॉट्सॲप ग्रुपला आला होता. आदल्या संध्याकाळी महाराष्ट्र मंडळाने चंदीगडमध्ये चारुशीला गोखल्यांचं गाणं ठेवलं होतं, आणि गाणं ऐकायला आलेल्यांपैकी निम्म्यांनी ते मोबाईलच्या आडूनच ऐकलं होतं. आता ते सगळं बाहेर पडत होतं. ताईंचा फोटो, ताईंच्या साडीच्या काठांचा फोटो, दारातल्या रांगोळीचा फोटो, मध्यंतरातल्या बटाटेवड्यांचा फोटो. कोणा उत्साही बाईंनी पेटीवाल्याच्या शेजारी उभं राहून ‘ताईंच्या सहवासात’ असं लिहिलं होतं. ताई त्यात कुठेच नव्हत्या. व्हिडिओ तर इतके, की एकच तान सात दिशांनी ऐकायची सोय झाली होती. त्याखाली पुण्याहून, नाशकातून, थेट न्यू जर्सीहून हात जोडल्याची चित्रं आणि ‘शब्दच नाहीत’. शब्द नसलेल्या लोकांनी एवढं लिहावं याचं दिगंबररावांना एरवी हसू आलं असतं. आज आलं नाही.

कारण अधूनमधून एकच विचारणा डोकावत होती. डॉक्टरकाका, तुमचं दोन ओळींचं कधी?

डॉक्टर दिगंबर पाटणकर इथल्या मोठ्या इस्पितळात पॅथॉलॉजी शिकवून निवृत्त झाले होते, पण ग्रुपवर त्यांचा दरारा होता तो कानाचा. चारुशीलाताईंची मैफल झाली की दुसऱ्या दिवशी ते दोन ओळी लिहीत: काय लागलं, काय निसटलं. त्या दोन ओळी आल्या की लोकांना आपण काल काय ऐकलं ते समजायचं.

आज ग्रुपच्या गोंधळात खुद्द चारुशीलाताईंचाही निरोप होता, ग्रुपवर नव्हे, फक्त दिगंबररावांसाठी. विमान दुपारी आहे, झिरकपूरच्या हॉटेलवर ये. काल कसं झालं ते तोंडी सांग. लिहू नकोस.

त्यांनी तो दोनदा वाचला. काल कसं झालं ते त्यांना माहीतच नव्हतं.

दोघं लहानपणी मिरजेत एकाच गुरुजींकडे शिकले. गुरुजींची पद्धत जगावेगळी होती. एकाला गायला बसवत आणि दुसऱ्याला त्याच्यासमोर, मांडीवर तळहात उघडा ठेवून. गाणाऱ्याचा सूर सुटला की समोरच्याने तळवा उपडा करायचा. बोलायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही. चूक असताना हात उपडा झाला नाही, तर छडी गाणाऱ्याला नाही, ऐकणाऱ्याला बसे. चारू गाणारी निघाली. दिगूचा गळा फुटला तो फुटलाच, पण कान असा तयार झाला की गुरुजी स्वतः तंबोरा लावून त्याच्याकडे बघत.

पुढे तो डॉक्टर होऊन उत्तरेत आला, ती नावारूपाला आली. तरी तिची मैफल जिथे गाठता येईल तिथे तो पहिल्या रांगेत, मांडीवर हात उघडा ठेवून. ती डोळे मिटून गाते असं लोक लिहीत. ती मधूनमधून डोळे उघडून एक हात बघून घेते, हे कोणाला ठाऊक नव्हतं. इंदूरला एकदा तो हात उपडा झाला आणि बाईंनी महिनाभर ती एक जागा सोडून दुसरं काही गायलं नाही.

एकदा दोघं एका वृद्ध गायकाच्या मैफलीला गेले होते. म्हाताऱ्याचा गळा पार गेलेला, आणि श्रोते दयेने टाळ्या वाजवत होते. बाहेर आल्यावर चारूने त्याचं मनगट धरलं. “माझं असं होऊ देऊ नकोस,” ती म्हणाली होती. “सुटायला लागलं की हात उपडा कर. मी थांबेन.” तो हो म्हणाला. त्यात अवघड काय होतं?

अवघड असं झालं, की आधी त्याचेच कान गेले. एकदम नाही, उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली जातं तसे. कानाचं यंत्र लावलं की बोलणं समजायचं, पण गाणं पत्र्याच्या डब्यातून यायचं. यंत्र काढलं की सगळं गोड आणि धूसर, आणि षड्ज लागला की जरा खालीच राहिला, हे काही केल्या कळेना. विनयाताई म्हणाल्या, सांगून टाका. गाण्यातलं आपल्याला ते कधी संपतं एवढंच कळतं असं त्या मोकळेपणी म्हणत, म्हणून त्यांना ते सोपं वाटलं. दिगंबररावांना लाज वाटली. आयुष्यभर मिरवलं ते हे एकच, आणि भीती अशी की हे गेलं तर पहिल्या रांगेतली खुर्चीही जाईल, चारूही जाईल. मग त्यांनी फोन टाळायला सुरुवात केली, सगळं लिहूनच. आणि लिहायचं काय, तर रात्रभर ग्रुपवर आलेलं वाचायचं, त्यातल्या त्यात जाणत्या माणसांचं वेचायचं आणि आपल्या भाषेत घालायचं. ग्रुप डॉक्टरांच्या मतावर चालत होता आणि डॉक्टर ग्रुपच्या. दोन वर्षं हा कारभार बिनबोभाट चालला.

आज मात्र तोंडी सांगायचं होतं.

अंघोळीआधी त्यांनी अथर्वला फोन लावला, यंत्रावर हात दाबून. अथर्व मोहालीत सॉफ्टवेअरमध्ये होता, मूळचा साताऱ्याचा, घरी बायकोशी हिंदीत आणि आईशी मराठीत भांडणारा. मंडळाची धावपळ तोच करायचा. सेक्टर १७ च्या बाजारातून बॅनर छापून आणण्यापासून ताईंच्या गरम पाण्यापर्यंत. दिगंबररावांनी आडवळणाने विचारलं, की तुला काल तार षड्ज कसा वाटला.

“काका, मला काय विचारताय यार,” अथर्व म्हणाला. “मी तर तुमच्याकडे बघून वा म्हणतो.”

पण त्याने स्टेजच्या बाजूने पूर्ण व्हिडिओ घेतला होता, ताई आणि पहिली रांग दोन्ही एकाच चौकटीत येतील असा. लगेच टाकतो, पक्का, असं म्हणून त्याने टाकलाही. वर मथळा: ‘ताईंचा तार षड्ज आणि डॉक्टरकाकांची दाद’. मिनिटाभरात त्याखाली बदाम पडू लागले.

दिगंबररावांनी तो यंत्र लावून ऐकला, यंत्र काढून ऐकला, आतल्या खोलीत दार लावून ऐकला. डबा तो डबाच. मग त्यांनी ग्रुप वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला. कोणी तरी, एखाद्या आगाऊ माणसाने तरी, काही खटकलं असं लिहिलं असेल. कोणी लिहिलं नव्हतं. सगळे त्यांच्या दोन ओळींची वाट बघत होते.

निघताना विनयाताईंनी मफलर दिला. 

झिरकपूरला पोचायच्या आधी टॅक्सी अडकली. “अंकल जी, यहां तो रोज का यही है,” ड्रायव्हर म्हणाला आणि इंजिन बंद करून बसला. दोन्ही बाजूंना फ्लॅटचे मनोरे, मधे गाड्या, आणि सगळे हॉर्न मिळून दिगंबररावांना एक लांबचा गुरगुराट. त्यांनी मनात वाक्य घोळवलं. विलंबित भरदार झालं, द्रुतात जरा घाई, पण एकूण रंगलं. असं कुठल्याही मैफलीबद्दल म्हणता येतं. ते थकले होते. खोटं बोलण्यापेक्षा खोटं जुळवण्याचाच शीण जास्त असतो.

हॉटेलच्या दारात त्यांनी यंत्र काढून खिशात टाकलं.

चारुशीलाताई खिडकीशी बसल्या होत्या, शाल गुंडाळून, बॅग अर्धी भरलेली. स्टेजवर भारदस्त दिसणारी बाई खुर्चीत एवढीशी दिसत होती. समोरची खुर्ची त्यांनी जवळ ओढली, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल इतकी, गुरुजींकडे बसत तशी. चहाचं झालं, विनयाचं झालं, थंडीचं झालं. दिगंबरराव ओठांकडे बघून हो हो करत होते.

मग ताईंनी विचारलं, “कसं झालं?”

“विलंबित भरदार झालं,” दिगंबररावांनी सुरू केलं. “द्रुतात जरा...”

ताईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. पलंगावरचा मोबाईल उचलला आणि अथर्वचा व्हिडिओ लावून त्यांच्या हातात दिला. आवाज पूर्ण बंद होता. ते दिगंबररावांच्या लगेच लक्षात आलं नाही, आणि ते बाईंनी पाहिलं.

पडद्यावर चारू वर चढत होती. मान उंचावली, हात पुढे आला, षड्जावर पोचली. आणि तिने डोळे उघडून पहिल्या रांगेकडे बघितलं. दिगंबररावांनी हा व्हिडिओ सकाळपासून कितीदा ऐकला होता, बघितला नव्हता. पहिल्या रांगेत मफलर घातलेला एक म्हातारा बसला होता, मांडीवर तळवा उघडा. तो गाणारीकडे बघतच नव्हता. तो शेजारच्या माणसाकडे बघत होता. शेजाऱ्याची मान हलली, मग याची हलली.

“मी खाली राहिले होते,” चारुशीलाताई सावकाश, ओठ नीट हलवत म्हणाल्या. “चांगली खाली. कालच नाही, किती तरी दिवस.”

दिगंबररावांनी खिशातून यंत्र काढलं. ते कानात नीट बसेना. बाईंनी उठून ते बसवून दिलं, पोराचं बटण लावावं तसं. 

“कधीपासून?” ताईंनी विचारलं.

दोन वर्षं, दिगंबरराव म्हणाले. मग सगळंच सांगितलं. ग्रुपवरून मतं वेचायचं, फोन टाळायचं, कार्यक्रमाआधी यंत्र खिशात टाकायचं. लाज वाटली हे सांगितलं, खुर्चीचं सांगितलं. सांगताना त्यांना वाटत होतं की आता ती रागावेल, आणि ती रागावली तर बरं होईल.

त्या रागावल्या नाहीत. खिडकीबाहेर विमानतळाचा रस्ता तुंबलेला होता, तिकडे बघत राहिल्या.

“मला कळत होतं रे,” त्या म्हणाल्या. “सूर सुटल्यासारखा वाटायचा. मग तुझा हात बघायचे. तो उघडाच. म्हटलं, दिगूचा हात उघडा आहे म्हणजे सूर असणार. माझाच कान म्हातारा झाला, घाबरट झाला. तुझ्या हातावर भरवसा ठेवून मी माझा कान खोटा ठरवला. दोन वर्षं गात राहिले, दिगू. लोक मला त्या म्हाताऱ्या गायकाला दिल्या तशा टाळ्या देत होते की काय, हे आता कोणाला विचारू?”

 आपली लाज झाकण्यासाठी आपण तिची लाज चव्हाट्यावर मांडली, आणि ती सात दिशांनी चित्रित होऊन न्यू जर्सीपर्यंत पोचली, एवढं दिगंबररावांना लख्ख कळलं. छडी ऐकणाऱ्याला का बसायची तेही.

मोबाईल त्यांच्या हातातच थरथरला. अथर्व ग्रुपवर विचारत होता, की पुढच्या महिन्यात नागपूरला ताई आहेत, कोण कोण येतंय? हात वर झाल्याची चित्रं भराभर पडत होती. चारुशीलाताईंनी ते वाचलं आणि मोबाईल पालथा घातला.

“नागपूरला कळवते आज,” त्या म्हणाल्या. “पण त्याआधी एक काम कर.”

“सांग.”

“मी आजवर तुझ्या हाताखेरीज कोणाचं ऐकलं नाही. थांबायचं तर तेही त्यानेच सांगू दे.”

दिगंबरराव म्हणाले, की मला आता ऐकू येत नाही, मला तो हक्क नाही. बाईंनी मान हलवली. त्या खुर्चीत ताठ बसल्या, डोळे मिटले आणि षड्ज लावला. दिगंबररावांना यंत्रातून पत्र्याचा डबा ऐकू आला. लागला की नाही ते त्यांना कळलं नाही. त्यांनी तिच्या गळ्याकडे बघितलं, ताणलेल्या शिरांकडे बघितलं, कपाळावर पडलेल्या आठीकडे बघितलं. चूक झाली की ती आठी पडायची, मिरजेपासून.

तिने डोळे उघडले आणि खाली बघितलं.

दिगंबररावांनी मांडीवरचा तळवा उपडा केला.

तिने तो हात नीट पाहून घेतला. मग उठली, शाल झटकली आणि उरलेल्या साड्या बॅगेत भरू लागली.

“किती उशीर केलास,” ती म्हणाली.