भुऱ्याचा हिरवा खूर

मित्रांनो, मी एक म्हातारा बैल आहे आणि एकेकाळी माझ्या पाठीवर फवारणीच्या औषधाची जाहिरात होती. औषधाचं नाव सांगणार नाही. कंपनीने मला कधी गुळाचा खडाही दिला नाही, मग तिचं काम मी फुकट का करावं?

माझं नाव चांद्या, कपाळावर पांढरी चंद्रकोर आहे म्हणून. दर्यापूरकडे खुशालरावांच्या गोठ्यात मी जन्मलो. शेजारच्या दावणीला भुऱ्या होता. आम्हाला एकाच जुवाला शिकवलं, तो डावीकडे, मी उजवीकडे. माणसांना वाटतं, बैल मान खाली घालून मुकाट चालतात. खरं तर आम्ही जुवातून बोलत असतो. तो दमला की जू माझ्याकडे कलतं. माझा पाय अडखळणार असेल तर ते त्याला आधी कळतं, मला नंतर. वखर, पेरणी, कपाशीतलं डवरण, सगळं आम्ही असं गप्पा मारत केलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खुशालरावांच्या पत्नी मैनाबाई आमच्या खांद्यांना हळद-तूप चोळायच्या आणि म्हणायच्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी शिंगांना रंग, कपाळाला बाशिंग, पाठीवर झूल. मग मैनाबाई आमचे पाय धुवायच्या आणि पुरणपोळी भरवायच्या. त्या दिवशी औत नाही, गाडी नाही, काठी नाही. पोळ्याच्या बैलावर हात उचलणाऱ्याला आमच्याकडे लोक वर्षभर नावं ठेवतात. म्हणून बैलाच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसते. सजवलं की उभं राहायचं.

मी वासरू होतो तेव्हा शंकरपट बंद होते. शंकरपट म्हणजे आमच्या वऱ्हाडातली बैलजोड्यांची शर्यत. पुढे नियम घालून ते परत सुरू झाले. काठी नाही, खिळा नाही, शेपटी पिरगाळणं नाही, आणि आधी डॉक्टरांची तपासणी. नियम मला आवडले. शेपटीलाही आवडले. आम्ही दोन-तीन पट जिंकलो आणि गावात आमचं नाव झालं. नाव झालं की काळजी सुरू होते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

खुशालरावांचा मुलगा विपुल अकोल्याला शेतीचं शिकला आणि औषधाच्या कंपनीत लागला. एका हिवाळ्यात तो पोस्टर घेऊनच घरी आला.

"बाबा, औंदाचा पट आमची कंपनी भरवून राहिली. पोस्टरवर आपलीच जोडी हाय. पहिलं बक्षीस ट्रॅक्टर."

"बैल जिंकले तं ट्रॅक्टर?" खुशालराव म्हणाले. "मंग बैलाइनं काय करावं?"

हाच प्रश्न मलाही पडला होता.

पण माझी खरी काळजी वेगळी होती. थोड्याच दिवसांपूर्वी भुऱ्याचा डावा पुढचा खूर दगडावर आपटून चिरला होता. चीर केसाएवढी. मऊ रानात तो नीट चालायचा, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. पण जू रोज माझ्याकडे कलत होतं. मी काय करणार? कोणीतरी बघायला येईल म्हणून मी वैरण खाणं सोडलं. आले बघायला. मला ओव्याचं पाणी पाजलं आणि गेले. भुऱ्याकडे कोणी पाहिलं नाही.

पट अकोल्याबाहेरच्या माळावर होता. दाराशी भला मोठा फलक होता, 'मुक्या जीवांचा सच्चा सोबती'. खाली बैलांसाठी टाकं ठेवलं होतं. टाक्याच्या दोन्ही बाजूंना कंपनीचं नाव होतं. पाणी आत कुठेच नव्हतं.

तिथे आम्हाला सजवलं. शिंगं कंपनीच्या हिरव्या रंगात, बाशिंगावर कंपनीचं चिन्ह, झुलीवर औषधाची बाटली. शेवटी खूरही हिरवे केले. रंगारी कामाला चोख होता. भुऱ्याच्या खुरातली चीर त्याने रंगाने अशी भरली की खूर नवा दिसू लागला.

तपासणीला संध्याताई डॉक्टर आल्या. त्यांनी आमचे डोळे बघितले, छाती ऐकली, पायांवरून हात फिरवला. "यांना जरा चालवून दाखवा," त्या म्हणाल्या.

"मॅडम, फोटो चालू आहेत. पाच मिनिटं," कंपनीचे सौमित्रसाहेब म्हणाले. ते पुण्याहून आले होते आणि सगळ्यांशी हसून बोलत होते.

"जुंपायच्या आधी मला दाखवायचंच," असं बजावून संध्याताई रांगेतल्या पुढच्या जोडीकडे वळल्या. फोटो संपले आणि आम्हाला थेट छकड्याला, शर्यतीच्या हलक्या गाडीला, जुंपलं.

मित्रांनो, भरधाव पळताना खूर फाटला की बैल तोंडावर पडतो आणि छकडा त्याच्या अंगावर येतो. असा पडलेला बैल मी पाहिला आहे. त्याला उठवायला माणसं येत नाहीत, कसायाचा टेम्पो येतो. भुऱ्याचा श्वास जोरात चालला होता. जू पूर्ण माझ्याकडे आलं होतं. मला पळायचं नव्हतं, पण न पळायला बैलाकडे कारण लागतं. तेवढ्यात डफडं वाजलं. मी भुऱ्याकडे पाहिलं. बाशिंग, झूल, रंगवलेली शिंगं. कारण समोरच उभं होतं.

झेंडा पडला. मी उभा राहिलो. भुऱ्याही राहिला.

"चाल रे चांद्या," छकड्यावर बसलेला सहदेव म्हणाला. त्याने दोर हलवले, जीभ टाळ्याला लावून आवाज काढला. आम्ही पोळ्याच्या तोरणाखाली उभं राहावं तसे उभे.

सौमित्रसाहेब हसू तसंच ठेवून जवळ आले. "सहदेव, दोन द्या ना ठेवून. कॅमेरा तिकडे वळवतो."

सहदेवाने हात उचलला. माझ्या बाशिंगाकडे पाहिलं आणि हात खाली घेतला.

"नाई जमत साहेब. पोयाच्या बैलाले मारत नाई आमी."

"अहो, आज कुठे पोळा आहे?"

"मंग पोयाचे कपडे काहून घातले त्यायले?" दोरीपलीकडून खुशालराव म्हणाले.

लोक हसले. "साहेब, पुरणपोयी कुठी हाय?" कोणीतरी विचारलं.

विपुलचा चेहरा पडला. "बाबा, तुमी तरी काहून इज्जत घालवून राहिले? माह्या नोकरीचा सवाल हाय."

तेवढ्यात मैनाबाई दोरीखालून वाकून आत आल्या. पाहुण्यांच्या टेबलावरची पाण्याची बाटली त्यांच्या हातात होती. बाटलीवरही कंपनीचं नाव होतं.

"पोया हाय तं पाय धुवा लागते," त्या म्हणाल्या.

अशा रीतीने कंपनीचं पाणी शेवटी बैलापर्यंत पोचलं. त्यांनी आधी माझे पाय धुतले, मग भुऱ्याचे. रंग पहिल्या धारेलाच सुटला. हिरवं पाणी मातीत गेलं. मैनाबाईंचा हात थांबला.

"विपुल, इकडं ये. हे काय हाय?"

विपुल उकिडवा बसला. लहानपणी तो आमच्याच गोठ्यात झोपायचा. त्याने चिरेवर बोट ठेवलं. भुऱ्याने पाय ओढून घेतला. मग विपुलनेच संध्याताईंना हाक मारली.

"याला पळवलं असतं तर खुराचे दोन तुकडे झाले असते," त्या म्हणाल्या. "ही जोडी बाद."

जू विपुलने स्वतः उतरवलं. माझा खांदा इतक्या दिवसांनी सरळ झाला.

भुऱ्या वाचला, थोडा लंगडतो. विपुलची नोकरीही वाचली. कंपनीने पुढच्या वर्षी मैनाबाईंच्या हाताचा आणि भुऱ्याच्या पायाचा फोटो फलकावर लावला. खाली लिहिलं, 'आम्ही जपतो'. मैनाबाईंचा चेहरा फोटोत मावला नाही म्हणे.

यंदा परत पट आहे. गोठ्यात दोन नवे गोऱ्हे आले आहेत. काल शिंपी येऊन झुलीचं माप घेऊन गेला. ते दोघे खुशीत आहेत, मला झोप नाही. मित्रांनो, पटाला गेलात तर पाण्याची एक बाटली जवळ ठेवा. बैलाच्या अंगावर जिथे रंग फार चकाकत असेल, तिथे थोडं ओतून बघा. आम्हाला ओरडता येत नाही, जू कललेलं तेवढं तुम्हाला दिसेल.

मला अजूनही कोणी सजवायला घेतलं की मी आधी पुरणाचा वास घेतो. वास आला तर मान खाली घालून उभा राहतो. नाही आला, तर भुऱ्याच्या पायाकडे बघतो.