सोफ्याखालचा स्क्रूड्रायव्हर

मी एक जुना सोफा आहे, मित्रांनो, आणि माझा एक पाय सैल आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच कुरकुर ऐकू आली तर तुम्ही दचकणार नाही.

सुताराने मला दोघांना ऐसपैस बसता येईल असं घडवलं. दुकानात होतो तेव्हा येणारेजाणारे माझ्यावरून हात फिरवून वाहवा करायचे. मग समुपदेशक बाईंनी मला आपल्या खोलीत आणलं. घरात पटेनासं झालेली नवराबायको माझ्यावर बसून बाईंशी बोलतात. एक या टोकाला, एक त्या टोकाला. मधला भाग कोराच्या कोरा. माझं कौतुक तेव्हाच संपलं. रडायला आलेलं माणूस सोफ्याकडे कशाला बघेल?

एकदा लिफ्ट दुरुस्त करणारा एक गडी आणि त्याची शिक्षिका बायको आली. ती बसल्याबसल्याच म्हणाली की आज शेवटचं येतेय, राहायला वेगळी खोली बघून ठेवलीय. तिची आई गेली तेव्हा नवरा घटकाभरही तिच्याजवळ बसला नव्हता. त्या आठवड्यात त्याने घरातले नळ, बिजागऱ्या, मिक्सर, सगळं दुरुस्त केलं होतं. सांगता सांगता तिला रडू फुटलं. आणि या शहाण्याने काय करावं? खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, खाली वाकला आणि माझा पाय आवळायला लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“बघा,” बायको म्हणाली, “घरी हे असंच.”

बाई रागावल्या नाहीत. आत्ता मनात काय चाललंय, एवढंच त्यांनी त्याला विचारलं. त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

“ही रडली की मला भीती वाटते,” तो म्हणाला. “काय करावं सुचत नाही. हाताला काम असलं की जरा धीर येतो.”

“मला वाटायचं, तुला काही वाटतच नाही,” ती म्हणाली. “काही दुरुस्त करू नकोस रे. नुसता बस इथे.”

तो उठला आणि तिला खेटून बसला. मी केवढ्यांदा कुरकुरलो, आणि दोघांनाही हसू आलं. तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. वेगळ्या खोलीला नकार कळवायला तिने दारातूनच फोन लावला.

मित्रांनो, जवळचं माणूस रडत असेल तर हातातलं काम खाली ठेवा आणि थोडा वेळ शेजारी बसा. सवडीने माझ्यासारख्याचाही पाय बघा. माझा त्या दिवशी अर्धाच आवळला गेला. स्क्रूड्रायव्हर अजून माझ्याखालीच पडलाय, आणि तो गडी काही न्यायला आलेला नाही.