बाहीतलं बटण

आमच्या व्हरमाँटच्या मिलिशियात, म्हणजे गावकऱ्यांच्याच फौजेत, कॅप्टन कोण, ते माणसंच हात वर करून ठरवतात. माझ्या नवऱ्याला, ओरिनला, निवडलं ते तो कुणावर ओरडत नाही म्हणून. एकच खोट. त्याला डावं-उजवं कळत नाही. कवायतीत हटकून उलटं सांगायचा, आणि माणसं मुकाट्यानं सुलट वळायची. सगळ्यांना सवयच झाली होती.

मग राजधानीतून हुकूम आला. प्रत्येक अधिकाऱ्यानं परीक्षा-मंडळापुढे उभं राहायचं. नापास होईल त्याचं पद जाईल.

आमचा मुलगा नेथन छावणीतल्या तापानं गेल्यापासून ओरिन दाढी करायचा ती सोमवारी, कवायतीपुरती. बाकी सगळे दिवस खुर्ची. सोमवारही गेला तर काय उरणार?

मी स्वयंपाकघरात त्याला शिकवायला घेतलं. "स्टोव्ह ती डावी, दार ती उजवी."

"मंडळ येताना स्टोव्ह घेऊन येणार आहे का, लव्हिना?"

नेथननंतरची ती त्याची पहिली थट्टा. मला हसू मात्र आलं नाही. मी त्याच्या कोटाच्या डाव्या बाहीत आतून एक बटण शिवलं, अंगठ्याला लागेल असं.

परीक्षेच्या दिवशी कवायतीच्या हॉलमध्ये डॉक्टरनं ओरिनची छाती ठोकून पाहिली. पहाऱ्याचे, तंबूंचे प्रश्न झाले. त्यानं नीट उत्तरं दिली. मग मंडळाचा मेजर त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटला, कंपनी कुठे वळवायची ते असणार. ओरिनचा अंगठा बाहीत गेलेला मी वरच्या सज्ज्यातून पाहिला.

"डावीकडे वळ!" त्यानं हुकूम दिला.

अख्खी कंपनी एका टाचेवर उजवीकडे वळली. इतकी सुरेख ती कधीच वळली नव्हती.

"तुमची माणसं तुमचं ऐकत नाहीत, कॅप्टन," मेजर म्हणाला आणि त्यानं निघायला टोपी उचलली.

बाहेर सार्जंट एझरानं मला गाठलं. "अगं, आज त्यानं बरोबर कसं काय सांगितलं?"

"मी शिकवलं."

"मग आम्हाला सांगायचं तरी!"

सोमवारी ओरिननं दाढी केली, कोट चढवला आणि खुर्चीत बसला. रस्त्यापलीकडच्या कवायतीच्या हॉलमधून नव्या कॅप्टनचा आवाज ऐकू येत होता. ओरिनचा अंगठा बाहीत फिरत होता.

"काढू का ते?" मी विचारलं.

"राहू दे."

मी स्टोव्हमध्ये लाकूड सारलं. जेवायला अजून अवकाश होता.