मुका बाजार

साथीमुळे वर्ग घराघरांतल्या संगणकांवर गेला तेव्हा सगळ्यात मोठी पंचाईत झाली ती बाजाराची. वित्तव्यवस्थापनाच्या शेवटच्या परीक्षेला कॉलेजात खोटा शेअरबाजार भरायचा. विद्यार्थी घसा फोडून ओरडायचे. ज्याचा आवाज मोठा त्याचा सौदा. आता सगळ्यांचे माइक एकदम उघडले की संगणक नुसता कण्हायचा. म्हणून व्याजसरांनी (काहीही विचारा, उत्तरावर चार बोलणी जास्त मिळायची) मुका बाजार काढला. हात आपल्याकडे ओढला तर घेतलं, पुढे ढकलला तर विकलं. घंटेनंतर माल अंगावर उरला की नापास.

"चौकटीत दिसेल तो हात तुमचा," सरांनी बजावलं. "तो माझा नव्हताच, ही सबब बाजारात चालत नाही."

याच वर्गात शिकणाऱ्या धाकटीची बँकेतली नोकरी या निकालावर अडली होती. पण घरात नेटवर्क यायचं ते खिडकीतच, आणि खिडकी होती आत्याची. दोन दिवसांसाठी दात दाखवायला आलेली आत्या साथीत अडकली ती अडकलीच. समोरच्या इमारतीतल्या शिंपिणीशी तिची खिडकीतून गट्टी जमली होती. एवढ्या लांबून ओरडणं जमेना, तेव्हा दोघी हातांनीच बोलायच्या.

धाकटीने लॅपटॉप खिडकीच्या कठड्यावर ठेवला. तिच्या मागच्या खुर्चीवर आत्या. त्या दिवशी शिंपिणीची सून रुसून जिन्यात बसली होती.

'अगं, आत घे तिला!' आत्याचा हात म्हणाला.

"खालची चौकट, सिमेंट घेतलं," सर म्हणाले.

'घे गं, घे!'

"आणखी घेतलं. धाडस आहे!"

धाकटीचा माइक बंद. ती दोन्ही हातांनी विकत सुटली. मागून आत्या दुप्पट घेत सुटली. घंटा जवळ आली.

"आत्या, हात खाली कर! सिमेंटखाली गाडली गेले मी!"

"का? तुझ्या बापाचे आहेत का हात?"

"बाबांचं नाव कशाला? जरा गप्प बस ना!"

"दात दुखला तरी गप्प, आता हातांनीही गप्प?" आत्या फणकारली. "जा! मला बोलायचंच नाही तुमच्याशी!" आणि दोन्ही हात तिने जोरात पुढे झटकले.

"सगळं विकलं!" सर ओरडले.

नेमका तेव्हाच वर्गातला पहिला नंबर पाळण्यातल्या भाचीला दोन्ही हातांनी 'ये, ये' करत होता. सगळं सिमेंट त्याच्या गळ्यात पडलं. घंटा वाजली.

सरांनी धाकटीचा माइक उघडला. "पास. आधी साठा, मग ऐन वेळी सुटका! धोरण काय होतं?"

धाकटीने मागे पाहिलं. आत्या भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"घरातलं मोठं माणूस दुखवायचं, सर."

सरांनी ते लिहून घेतलं. आत्या मात्र जेवायलाही उठली नाही.